जुनी पद्मिनी घरच्या घरी रस्त्यावर आणायची तर कामांचा क्रम

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी ताब्यात आली की पहिल्या रविवारी बहुतेक जण एकच करतात. नवी बॅटरी जोडतात, टाकीत पाच लिटर पेट्रोल ओततात आणि स्टार्टर मारतात. गाडी एकदा घुरघुरली की लगेच रंगाच्या छटा बघायला लागतात. मग टाकीतला गंज कार्बोरेटरमध्ये जातो, कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा घासतात आणि काही महिन्यांनी दारात नव्या रंगाची, ब्रेक न लागणारी, नोंदणी संपलेली गाडी उभी राहते. नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या जुन्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये कव्हरखाली अशा गाड्या आजही दिसतात. मालकांची हौस खरी असते आणि पैसाही लागलेला असतो. चुकतो तो क्रम.

क्रम असा ठेवा: कागद, पत्रा, ब्रेक, पेट्रोल, इंजिन, वायरिंग, रस्ता आणि सगळ्यात शेवटी रंग. खालचं सगळं प्रीमियर पद्मिनी धरून लिहिलं आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, मागच्या चाकांना ड्राइव्ह आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, अशी ही रचना घरी बसून समजून घेता येते. ॲम्बेसेडर असेल तर सुटे भाग बदलतील, क्रम बदलणार नाही.

टप्पा १: पाना हातात घेण्याआधी कागद

खासगी कारची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, त्यासाठी फॉर्म २५. फी २०२२ मध्ये वाढली आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर २० वर्षांपुढच्या कारसाठी ती १० हजार रुपये झाली. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे आणि मुदत टळल्यावर महिन्यागणिक वाढणारा दंड आहे. गाडीची किंमत ठरवताना हे आकडे त्यात धरा आणि निघण्यापूर्वी परिवहनच्या पोर्टलवर चालू रक्कम बघून घ्या.

गाडी विकत घेतलेली असेल तर ती नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर फॉर्म ३१ आणि वारसांची कागदपत्रं. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ वर तिथली एनओसी. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर कर्ज कधीच फिटलेलं असलं तरी तो आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतोच, आणि ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असेल तर ते पत्र मिळवण्यातच बरेच दिवस जातात. म्हणून हे काम सर्वांत आधी.

नाशिकचा एमएच-१५ क्रमांक येण्याआधीच्या जुन्या तीन अक्षरी नंबरांच्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा ऑनलाइन सापडत नाही. ती जुन्या रजिस्टरवरून संगणकात चढवून घ्यावी लागते, त्याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात. पेठ रोडच्या आरटीओत पहिला प्रश्न हाच विचारा: "या नंबरची नोंद सिस्टिमला दिसते का?"

चेसिस नंबर आधी घरी तपासा. नंबराची जागा थिनरच्या फडक्याने पुसा. वायर ब्रश मारू नका, अक्षरं झिजतात. त्यावर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवा. आकडे पांढरे उमटतात. हीच छाप पुढे अर्जालाही लागते. ती आरसीशी एकेक आकडा जुळवून बघा. तीन आणि आठ, पाच आणि सहा यांत गफलत होते. आरसीवरच कारकुनी चूक असेल तर ती आत्ता दुरुस्त करून घ्या, तपासणीच्या दिवशी नको.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपुढची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचा पर्याय आहे. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात आणि नोंदणी १० वर्षं चालते. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढता येते. रविवारी सकाळी कुटुंबाला घेऊन त्र्यंबकेश्वरला जायचं असेल तर साध्या नूतनीकरणाचीच वाट धरा.

सावधान: नोंदणी किंवा विमा संपलेला असताना "कोपऱ्यापर्यंतच" म्हणूनसुद्धा गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढू नका. चाचणी आवारात घ्या आणि आरटीओपर्यंत गाडी टोइंगच्या गाडीवर न्या. धक्का लागून समोरच्याला इजा झाली तर भरपाई तुमच्या खिशातून जाते.

टप्पा २: जागा, हंगाम आणि हत्यारं

काम दिवाळीनंतर सुरू करा. नाशिकला नोव्हेंबर ते मार्च हवा कोरडी असते, पत्र्याचं काम तेव्हाच उरकतं. जूनमध्ये उघडा केलेला पत्रा दुसऱ्या दिवशी तांबूस दिसायला लागतो.

जमीन पक्की आणि सपाट हवी. गाडी जवळपास ९०० किलोची आहे. जॅकवर उचलायची, पण टेकवायची लोखंडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर. चार चांगल्या घोड्या आणि चाकांना लावायच्या लाकडी उट्या, ही पहिली खरेदी. विटांवर किंवा काँक्रीटच्या ब्लॉकवर गाडी ठेवून खाली झोपू नका. ब्लॉक आधी सूचना देत नाही, एका क्षणी फुटतो.

बाकी हत्यारं फार नाहीत. ८ ते १९ पर्यंतचे मेट्रिक पाने, सॉकेट सेट, फिलर गेज (बारीक फटी मोजायच्या पट्ट्या), मल्टीमीटर, ग्रीस गन, टॉर्क रेंच आणि हाताशी पावडरचं अग्निशामक. छापील वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते अजून सापडतं.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. कुठलाही भाग सोडवण्याआधी फोटो, सोडवल्यावर त्याचे नटबोल्ट छोट्या पिशवीत आणि पिशवीवर मार्करने नाव. "डावा पुढचा ब्रेक, वरचा स्प्रिंग" इतकं नेमकं. गाडी अर्धवट राहण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे एका डब्यात एकत्र टाकलेले बोल्ट.

नाशिकचा फायदाही घ्या. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत लेथ, प्लेटिंग, सँडब्लास्टिंग, पावडर कोटिंगची छोटी युनिट आहेत. एकदोन नगांचं काम मोठा कारखाना घेणार नाही, पण छोटा युनिटवाला दुपारच्या रिकाम्या वेळात आपुलकीने करून देतो. नमुना सोबत न्या, तोंडी मापं सांगू नका. सुट्या भागांसाठी एक फेरी मुंबईची धरा, कुर्ला आणि ऑपेरा हाउस भागाची. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाल्या, त्यामुळे जुना माल आता दर वर्षी कमी होणार. रबरी किट, पाइप, किंगपिनचे (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीचे) भाग दिसले की दोन जोड घ्या.

टप्पा ३: पत्रा, आणि तो खरोखर किती उरला आहे

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच तिची ताकद. म्हणून दाराखालच्या पट्ट्या, फ्लोअर, जॅक लावायच्या जागा आणि डिकीचा तळ सडला असेल तर तो दिसण्याचा प्रश्न उरत नाही. गाडीची कंबर गेलेली असते. बॅटरीखालची ट्रेही उचलून बघा, ॲसिडने तिथला पत्रा हमखास खाल्लेला असतो.

साधं लोहचुंबक कापडात गुंडाळून बॉडीवरून फिरवा. जिथे पकड ढिली होते तिथे खाली पुट्टी आहे. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. सगळे कार्पेट आणि रबरी मॅट काढून फ्लोअरवर उजेडात हात फिरवा.

सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा. सीओटू वेल्डिंगने टाके मारत, मध्ये थंड होऊ देत. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकतो. दारं लावून, बंद करून, फटी मोजूनच फ्लोअर कापायला द्या. नाहीतर वेल्डिंग झाल्यावर दार लागत नाही आणि मग दाराला ठोकाठोकी सुरू होते. जोडावर लगेच इपॉक्सी प्रायमर आणि आतल्या पोकळीत मेणाचा किंवा तेलाचा फवारा मारा.

सावधान: वेल्डिंगआधी बॅटरी काढा आणि पेट्रोलची टाकी गाडीतून पूर्ण उतरवून दूर ठेवा. टाकी रिकामी आहे म्हणून धोका नाही, असं समजू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भडका घेते.

इथे थांबा. रंगाचा मोह याच टप्प्यावर होतो, कारण डेंटरच्या शेजारीच पेंटर बसलेला असतो. प्रायमर मारून गाडी घरी आणा.

टप्पा ४: ब्रेक, इंजिनाच्या आधी

इंजिन आधी चालू केलं की गाडी हलवून बघण्याची इच्छा आवरत नाही, आणि थांबवायला काही नसतं. म्हणून ब्रेक आधी. जुन्या मॉडेलांत ब्रेकचं सर्किट एकच असतं. एक पाइप किंवा एक रबर गेलं की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. "मागचे ठीक दिसतायत, पुढचेच करू" हा हिशेब इथे चालत नाही. पेडलने दाबला जाणारा मास्टर सिलिंडर, चाकांतले सगळे व्हील सिलिंडर, रबरी होज आणि स्टीलचे पाइप एकाच वेळी करायचे.

ड्रम अडकला असेल तर कडेवर हातोडी मारू नका, बिडाची कड उडते. ॲडजस्टर पूर्ण सैल करा, हबच्या कडेला गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळा धरून सगळीकडून सारखं ठोका. ड्रम निघाला की आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरही लावू नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीत, ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, पाण्याने ओलं करा, फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

व्हील सिलिंडरचं रबरी बूट नखाने मागे सारा. आतून तपकिरी चिखल आला तर ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलं होतं आणि आत गंज आहे. पिस्टन काढा, बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) स्पिरिटने पुसा आणि नख आडवं फिरवून बघा. नख कुठे अडलं तर नुसतं किट बदलून भागणार नाही, नवा सिलिंडर घ्या किंवा चांगल्या वर्कशॉपमधून स्लीव्ह मारून घ्या. खड्डा पडलेल्या बोअरमध्ये नवं रबर काही आठवडेच टिकतं, आणि गळती सुरू झाली की ऑइल थेट लायनरवर येतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ब्रेकचे भाग पेट्रोल किंवा डिझेलने धुणं. त्याने रबर फुगतं आणि ब्रेक लागलेलेच राहतात. धुवायला स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइल वापरा. भरायला डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल, सीलबंद डब्यातलं. उघडा राहिलेला डबा हवेतली ओल ओढतो. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असतो, ओल मुरल्यावर तो १४० पर्यंत येऊ शकतो. घाटात उतरताना हाच फरक पायाला कळतो: पेडल खाली जातं.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक चाकाशी आणि एक पेडलवर. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, मग जवळचं, असं पुढे या. चाकामागच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा.

"दाब… आता धरून ठेव."

"धरलं, बाबा."

निपल अर्धा आटा उघडायचा. बुडबुडे येतात, पेडल खाली जातं. निपल बंद करायचा.

"सोड, हळू."

"सोड" हा शब्द निपल बंद झाल्यावरच उच्चारायचा. पेडलवरच्या माणसाने घाई केली की हवा परत आत ओढली जाते आणि दुपार वाया जाते. मधूनमधून ब्रेक ऑइलचा वरचा डबा भरत राहा, तो रिकामा झाला तर सगळं पहिल्यापासून.

तपासा: पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा. कडक राहिलं तर पुढे जा. हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर आतून ऑइल सोडतंय. हँडब्रेक ओढून गाडीला दोघांनी ढकला, हलता कामा नये. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

टप्पा ५: टाकी, पाइप, कार्बोरेटर

टाकीचं झाकण उघडून वास घ्या. जुन्या वॉर्निशसारखा आंबट वास म्हणजे आत डिंक बसला आहे. जुनं पेट्रोल डब्यात काढा, नव्यात मिसळून वापरू नका. टाकी उतरवा, आत मूठभर जुने नट टाकून हलवा, मग फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज काढणारं द्रावण भरून डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकंच ठेवा. धुतल्यावर उन्हात आणि हवेच्या झोतात पूर्ण वाळवा. ओली राहिली तर दुसऱ्याच दिवशी नवा गंज येतो.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल असलेलं ई२० पेट्रोल. पद्मिनीचे मूळ रबरी पाइप, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे काही गॅस्केट त्यासाठी बनवलेले नाहीत. रबर मऊ पडतं, तडकतं आणि गरम इंजिनावर पेट्रोल टपकतं. म्हणून पाइप कितीही चांगला दिसत असला तरी बदला. इंजेक्शनच्या गाड्यांना चालणारा, एसएई जे३० आर९ छापलेला पाइप मागा. दोन रुपयांची तार गुंडाळून पाइप घट्ट करू नका, नीट क्लॅम्प लावा.

इथेनॉल पाणी ओढतं आणि ओल जास्त झाली की ते पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करणं हे त्याला आमंत्रण आहे. टाकी भरलेली ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी गाडी नीट चालवा. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना डिंक सोडवतं, म्हणून पहिले काही महिने पारदर्शक फिल्टर लावून त्यावर नजर ठेवा. फिल्टर तपकिरी दिसला की बदला.

कार्बोरेटर टेबलावर पांढरं कापड अंथरून उघडा. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, हवेने आणि कार्ब क्लीनरने साफ करा. त्यात तार, सुई, टाचणी घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं, आणि मग पीयूसीला धुराचा आकडा खाली येत नाही.

टप्पा ६: इंजिन जागवताना

आधी हाताने. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि एकदोन दिवस थांबा. मग क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हळू फिरवा. अडलं तर जोर लावू नका, अजून ऑइल, अजून दोन दिवस. गाडी गिअरमध्ये टाकून ओढून इंजिन "सोडवायचा" प्रयोग करू नका, चिकटलेली रिंग तुटते आणि सिलिंडर खरवडून निघतो.

फिरायला लागलं की जुनं ऑइल पसरट भांड्यात काढा आणि बोटावर घासून बघा. दुधाळ असेल तर पाणी आत जातंय. धातूचा चुरा चमकत असेल तर बेअरिंगं उघडावी लागतील, सुरू करायचा विचार सोडा. नवीन ऑइल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०, फिल्टरही नवा. मग प्लग बाहेरच ठेवून, इग्निशनची कॉइल सोडवून, स्टार्टर थोडा थोडा मारा. ऑइलचा दिवा विझला म्हणजे दाब आला. ही पायरी गाळली तर पहिली काही सेकंदं बेअरिंग कोरडे फिरतात.

प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत बनणारा दाब, मोजा. चारही आकडे एकमेकांच्या १० ते १५ टक्क्यांत असले तर पुढे जा. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वाल्व्ह. सिलिंडर हेड उघडायचं की नाही हे या आकड्यावर ठरवा, गॅरेजमधल्या मतांवर नको.

कूलिंगमध्ये कसूर नको. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा नीट तापलं की वाकतं. रेडिएटर काढून खोलून साफ करून घ्या, सगळे होज, फॅन बेल्ट आणि थर्मोस्टॅट नवे. "आपल्याकडे थर्मोस्टॅट लागत नाही" म्हणून तो काढून फेकण्याची पद्धत आहे, ती पाळू नका. इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि ऑइलमध्ये ओल साठते. बोअरवेलचं पाणी अजिबात भरू नका, त्यातल्या क्षारांनी काही उन्हाळ्यांत रेडिएटर परत बुजतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरा.

टप्पा ७: वायरिंग आणि पहिली सुरुवात

जुन्या वायरीचं कव्हर वाकवून बघा. तडकलं तर ती वायर बदलायचीच. पण एका वेळी एकच वायर, त्याच रंगाची, त्याच जाडीची. सगळं हार्नेस एकदम उपटून काढलं की महिनाभर जोडणीच चालते. बॅटरीजवळ मेन कट-ऑफ स्विच आणि हेडलाइटला रिले लावा. इंजिन, बॉडी आणि बॅटरीमधले अर्थिंगचे जोड पत्रा चकाकेपर्यंत घासा. दिवे मंद, स्टार्टर मरगळलेला, हॉर्न घोगरा, या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा अर्थमध्ये सापडतं.

डेल्को, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, उघडा. पॉइंटचा गॅप साधारण ०.४५ मिमी, गेज हलकं घासून जाईल इतका. रोटर, कॅप, कंडेन्सर बघा. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२. दोन वायरी उलट लागल्या की गाडी खोकते, सायलेन्सरमधून फटाका वाजतो आणि लोक कार्बोरेटर उघडत बसतात.

पहिल्यांदा सुरू करताना पेट्रोल छोट्या डब्यातून द्या, अग्निशामक हातात असलेला दुसरा माणूस जवळ हवा. सुरू झाल्यावर रेस वाढवत बसू नका. ऑइलचा दिवा, पाण्याचा काटा, पेट्रोलचे जोड, याच क्रमाने बघत राहा. काटा नेहमीच्या जागी येऊन स्थिर होईपर्यंत चालू ठेवा, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे क्लॅम्प परत एकदा कसा.

टप्पा ८: स्टिअरिंग, टायर, पट्टे

पुढचं चाक घोडीवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर किंगपिन किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर आली तर टाय रॉड. सगळ्या ग्रीस निपलांना नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस मारा.

टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूवर छापलेले चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचा टायर खाच कितीही खोल असली तरी घाटात न्यायचा नाही. एका एक्सलवर एक साधा आणि एक रेडियल अशी जोडी लावू नका. जुन्या गाडीला सीटबेल्ट नसतील तर बॉडीच्या भक्कम जागी प्लेट वेल्ड करून बसवून घ्या. कुटुंब बसणार आहे.

टप्पा ९: आवार, पीयूसी, आरटीओ, मग रस्ता

आवारात पहिल्या गिअरमध्ये पुढे, रिव्हर्समध्ये मागे, प्रत्येक वेळी पूर्ण थांबा. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का बघा. ओढत असेल तर त्या बाजूचा ब्रेक जास्त लागतोय किंवा विरुद्ध बाजूच्या लायनरवर ऑइल आहे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर जुळवून घेणारी रचना) नाही, गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाका.

पीयूसीसाठी या काळातल्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. इंजिन पूर्ण गरम करून न्या, थंड इंजिन आणि ओढलेला चोक नापास करतात. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते, त्याचीही नोंदणी आधीच करा. तपासणीला दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, रिफ्लेक्टर सगळं चालू हवं. बॉडीचा रंग आरसीवर लिहिलेलाच ठेवा. रंग बदलायचा असेल तर त्याची नोंद करून घ्यावी लागते.

नूतनीकरण हातात आल्यावर पहाटेचा गंगापूर रोड, सोमेश्वरपर्यंत आणि परत. मग गंगापूर धरण, मग त्र्यंबकेश्वर. प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली पुठ्ठा घाला आणि सकाळी थेंब मोजा. मे महिन्यात दुपारी द्वारका चौकाच्या वाहतूक कोंडीत अडकायची वेळ आणू नका. उभ्या गाडीत पंपातलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि गाडी बंद पडते. तसं झालं तर गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका, बॉनेट उघडा आणि थांबा. स्टार्टर मारत राहिलात तर बॅटरीही जाईल.

कसारा घाट या फेऱ्या नीट झाल्यावरच. उतरताना ज्या गिअरने हा चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो आणि पकड सुटते. थोडा दाबा, सोडा, थंड होऊ द्या. जळका वास आला की बाजूला घेऊन थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो.

टप्पा १०: आता रंग

काही महिने गाडी चालल्यावर सगळ्या गळत्या, कुरकुरी आणि राहून गेलेली वेल्डिंगची कामं समोर आलेली असतात. आता काच, रबर, दिवे उतरवून रंगाला द्या. हिवाळ्याच्या शेवटी, दुपारी. दमट हवेत मारलेल्या जुन्या पद्धतीच्या रंगावर पांढरी झाक येते. पुट्टी किती जाड भरली हे प्रायमरआधी जाऊन स्वतः बघा, नंतर काही दिसत नाही.

लांब निघताना डिकीत फॅन बेल्ट, पॉइंट, दोन प्लग, रोटर, फ्यूज, एक रेडिएटर होज, सीलबंद ब्रेक ऑइल, पाच लिटर पाणी आणि दोन कंडेन्सर ठेवा. कंडेन्सर दोन यासाठी की हल्ली मिळणारा नवा तासाभरातही जाऊ शकतो. जो जुना गाडीत नीट चालत होता तो बदलताना फेकून देऊ नका, कागदात गुंडाळून तोच दुसरा म्हणून डिकीत टाका.